स्वमग्न मूल आणि घरातील कामाची वाटणी : वाचकांचे प्रश्न

स्वमग्नतेविषयी, म्हणजेच ऑटिझमविषयी, सोलापुरातून आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे या वेळी घेतली आहेत. पत्रलेखकांची नावे आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. पत्रे वाचताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. मुलाचे सारे काही घरातल्या एकाच व्यक्तीच्या, बहुधा आईच्या, अंगावर येऊन पडले आहे आणि उरलेले घर तिला सल्ले देत आहे. उत्तरे लिहिताना मी मुलाकडे जितके लक्ष दिले, तितकेच या वाटणीकडेही दिले आहे.

प्रश्न : आमचा मुलगा पावणेचार वर्षांचा आहे. दोन महिन्यांपूर्वी बालविकासतज्ज्ञांनी त्याला ऑटिझम असल्याचे सांगितले. हाक मारल्यावर तो पाहत नाही, बोटाने दाखवत नाही. काही हवे असले की माझा हात धरून फ्रिजपाशी नेतो. जाहिरातींमधली वाक्ये मात्र जशीच्या तशी म्हणतो. माझी पत्नी शिक्षिका आहे. तिची नोकरी आणि मुलाच्या हातातला मोबाइल यांमुळे हे झाले, असे माझ्या आईचे म्हणणे आहे. पत्नीने नोकरी सोडावी, असे घरात जवळजवळ ठरले आहे. नवी पेठेतले माझे दुकान भावाकडे सोपवून पुण्याला राहायला जावे, असाही विचार चालू आहे. आम्ही काय करावे? (एक वडील, जुळे सोलापूर)

उत्तर : दोषाचा प्रश्न आधी घेते, कारण तुमच्या घरात आज सर्वांत जास्त दुखणारी जागा तीच असणार. तुमच्या पत्नीच्या नोकरीमुळे मुलगा स्वमग्न झालेला नाही. स्वमग्नता मेंदूच्या जडणघडणीतील वेगळेपणातून येते. तिच्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो आणि ही जडणघडण मूल आईच्या पोटात असतानाच सुरू झालेली असते. आईकडे बोट दाखवण्याची रीत मात्र जुनी आहे. 1943 साली अमेरिकेत लिओ कॅनर यांनी 11 मुलांचे वर्णन करून स्वमग्नतेला वैद्यकशास्त्रात स्वतंत्र ओळख मिळवून दिली. त्यानंतरच्या दोन दशकांत काही तज्ज्ञांनी असे मांडले, की आईच्या मायेत ओलावा नसल्यामुळे मूल स्वतःत मिटून जाते. हा आरोप एका संपूर्ण पिढीतल्या आयांनी सोसला. स्वतः एका स्वमग्न मुलाचे वडील असलेले मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड रिमलँड यांनी 1964 साली त्याला सविस्तर उत्तर दिले. पुढे 1977 साली सुझन फोल्स्टीन आणि मायकेल रटर यांनी जुळ्यांच्या 21 जोड्यांचा अभ्यास करून दाखवले, की एकाच बीजापासून जन्मलेल्या जुळ्यांपैकी दोघेही स्वमग्न असण्याचे प्रमाण इतर जुळ्यांपेक्षा स्पष्टपणे अधिक असते. इतक्या वर्षांपूर्वी खोडून काढलेला आरोप आज सोलापुरातल्या एका घरात सुनेच्या नोकरीच्या नावाने पुन्हा उभा राहतो, याचे मला फार वाईट वाटते. तुमच्या आईंना हे समजावून सांगण्याचे काम पत्नीचे नाही, तुमचे आहे.

मोबाइलमुळेही स्वमग्नता निर्माण होत नाही. तरीही तो कमी करावा, कारण मूल पडद्यात गुंतलेले असताना घरातल्या माणसांशी होणारी देवाणघेवाण थांबते आणि तुमच्या मुलाला गरज आहे ती नेमकी तिचीच.

नोकरी सोडण्याचा निर्णय निदान वर्षभर तरी घेऊ नये, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. हे काम काही महिन्यांत आटोपणारे नाही. स्पीच थेरपी, ऑक्युपेशनल थेरपी (रोजची कामे आणि हालचाली शिकवणारी उपचारपद्धती) आणि विशेष शिक्षण यांचा खर्च वर्षानुवर्षे चालतो, तेव्हा दुसऱ्या पगाराची गरज वाढतच जाते. त्याहून महत्त्वाचे कारण असे, की आई पूर्ण वेळ घरी बसली की बाकीच्या सर्वांची त्या कामातून नकळत सुटका होते. मग मूल फक्त आईला ओळखते, फक्त तिच्याच हातून जेवते आणि ती तापाने अंथरुणाला खिळली की सारे घर अडून बसते.

पुण्याला जाण्याबाबतही माझे मत असेच आहे. तिथे तज्ज्ञ अधिक आहेत, हे खरे. परंतु आठवड्यातले दोन-तीन तास मूल थेरपिस्टकडे असते आणि उरलेला सगळा वेळ घरात असते. आजी, काका, दुकान आणि ओळखीची गल्ली सोडून दोन खोल्यांच्या अनोळखी घरात तुम्ही तिघेच राहिलात, तर त्या उरलेल्या वेळात तुमच्या मदतीला कोण असेल? हुतात्मा एक्सप्रेसने सकाळी निघून रात्री परतता येते. तीन-चार महिन्यांतून एकदा पुण्याच्या तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा आणि रोजचे काम इथेच करावे. इथला थेरपिस्ट निवडताना एकच कसोटी लावा : तो तुम्हाला खोलीत बसू देतो का, आणि आज काय केले व घरी काय करायचे हे शिकवतो का. दार लावून घेऊन तासाभराने मूल परत हातात देणाऱ्या केंद्राचा उपयोग मर्यादित असतो. जागतिक आरोग्य संघटनेने अशा पालकांसाठी तयार केलेल्या प्रशिक्षणात 9 गटसत्रे आणि 3 गृहभेटी आहेत. त्याचा सगळा भर जेवण, आंघोळ, खेळ अशा रोजच्या प्रसंगांतून मुलाला संवाद कसा शिकवावा, यावरच आहे.

आता मुलाविषयी. तुमचा हात धरून तो फ्रिजपाशी नेतो, तेव्हा तो तुमच्याशी बोलतच असतो. त्या क्षणी दार लगेच उघडू नका. खाली बसून त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर या, ‘दूध’ एवढा एकच शब्द म्हणा आणि मनात दहा आकडे मोजेपर्यंत थांबा. त्याने नुसती नजर वळवली, आवाज काढला किंवा फ्रिजवर लावलेल्या फोटोला हात लावला, तरी दूध द्या. हे फोटो बाजारातल्या तक्त्यांवरचे नसावेत. तुमचाच पेला, तुमचीच बादली, दुकानाची तुमचीच पायरी यांचे असावेत. चित्रांची सवय लागली तर मूल बोलणार नाही, ही भीती निराधार आहे. चित्रांमुळे बोलणे अडते, असे अभ्यासांतून दिसलेले नाही. जाहिरातींमधल्या वाक्यांनाही निरर्थक समजू नका. कोणते वाक्य तो केव्हा म्हणतो, हे आठवडाभर वहीत टिपून ठेवा. चहाच्या जाहिरातीतले वाक्य म्हणजे ‘मला भूक लागली आहे’ असे निघण्याची बरीच शक्यता आहे.

ही वही तुमच्या आईंकडे द्यावी, असे मला मनापासून वाटते. माझा स्वतःचा मुलगा स्वमग्न आहे, आता तो मोठा झाला आहे. लहानपणी रोज तिन्हीसांजेला तो कान-नाक झाकून आक्रोश करायचा. दृष्ट काढून झाली, अंगारे लावून झाले. मी शाळेतून दमून आलेली असायची आणि मला काही सुचत नसे. कारण शोधून काढले ते माझ्या सासूबाईंनी. देवापुढे उदबत्ती लावली, की त्याचे रडणे सुरू होते, हे त्यांच्या लक्षात आले. कित्येक वर्षांचा नेम मोडून त्यांनी उदबत्ती बंद केली आणि नुसते निरांजन लावू लागल्या. आठवडाभरात तो त्यांच्या शेजारी येऊन बसू लागला. स्वमग्न मुलांना वास, आवाज, उजेड, कपड्याचा स्पर्श हे आपल्यापेक्षा कितीतरी तीव्र किंवा कितीतरी मंद जाणवू शकतात आणि त्यांच्या बऱ्याचशा ‘हट्टां’चे मूळ तिथे असते. दिवसभर घरात असणाऱ्या, संयमी, निरीक्षण करणाऱ्या आजीइतके हे कोणालाच दिसत नाही. तुमच्या आईंना आरोपाऐवजी हे काम मिळाले, तर त्यांच्या काळजीलाही वाट मिळेल. दुकान बंद करून आल्यावर रात्रीचे जेवण आणि झोपवणे तुम्ही घ्या. रविवारी सकाळी काकांनी त्याला अर्धा तास दुकानात न्यावे.

प्रश्न : मी यंत्रमाग कारखान्यातून निवृत्त झालो आहे. आमच्या घरात तेलुगू बोलतात, गल्लीत मराठी चालते आणि नात पाच वर्षांची असून इंग्रजी माध्यमाच्या बालवाडीत जाते. तिला ऑटिझम आहे. एका केंद्रात आम्हाला सांगितले, की घरात तेलुगू बंद करा, एकच भाषा ठेवा. माझ्या पत्नीला दुसरी भाषा नीट येत नाही, त्यामुळे ती नातीशी बोलायचीच थांबली आहे. दुसरे असे, की गेल्या वर्षी गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या, यात्रेत नात जमिनीवर लोळून ओरडू लागली. लोक जमले, आम्हाला फार अपमान वाटला. यंदा तिला न्यावे की नाही? (एक आजोबा, पूर्व भाग)

उत्तर : आपल्या पत्नीला आजच सांगा, की नातीशी तेलुगूतच बोला, भरपूर बोला. दोन भाषांच्या घरांत वाढणाऱ्या स्वमग्न मुलांचा अभ्यास अनेक ठिकाणी झाला आहे. दुसऱ्या भाषेमुळे त्यांचे बोलणे अधिक मागे पडते, असे त्यांत आढळलेले नाही. तेलुगू, मराठी, कन्नड आणि उर्दू एकाच चौकात ऐकू येणाऱ्या आपल्या शहरात ‘एकच भाषा ठेवा’ हा सल्ला आचरणात आणताच येत नाही, आणि आणलाच तर त्याची किंमत मूल मोजते. ज्या भाषेत आजी तिला जवळ घेते, ती भाषा काढून घेतली, तर नातीला दुसरी भाषा येण्याऐवजी एक माणूस कमी मिळते. माणसांशी नाते जुळणे हाच तिच्या अडचणीचा गाभा असताना घरातले एक माणूस गप्प करणे, हे मला अत्यंत चुकीचे वाटते.

करण्यासारखी एक साधी व्यवस्था आहे. चित्रांचा तक्ता एकच ठेवावा आणि त्यातल्या प्रत्येक चित्राला आजीने ‘नीळ्ळु’, शेजारच्या काकूंनी ‘पाणी’ म्हणावे. चित्र तेच राहते, त्यामुळे मुलीचा गोंधळ होत नाही. केंद्राने तेलुगू शब्द वापरण्यास नकार दिला, तर ते देवनागरीत लिहून थेरपिस्टच्या हातात द्या. तीस-चाळीस शब्द शिकायला त्यांना फार वेळ लागू नये.

आता यात्रेविषयी. नात जमिनीवर पडली तो हट्ट नव्हता. यात्रा भरते त्या होम मैदानावरचे पाळण्यांचे भोंगे, गर्दीचे धक्के, तळणीचे वास आणि चकाकणारे दिवे हे सगळे एकाच वेळी अंगावर आले आणि तिला सोसवेना. अशा वेळी समजावणे, दटावणे, अंगावर हात फिरवणे यांमुळे भार आणखी वाढतो. एकाने तिला कडेला न्यावे, बाकीच्यांनी लोकांकडे पाठ करून उभे राहून आडोसा करावा आणि ती शांत होईपर्यंत कोणी बोलू नये. आपल्याला वाटलेला अपमान मी समजू शकते. ते दुःख खोटे नाही. पण त्या गर्दीतल्या कोणाचीच आपल्याला पुन्हा गाठ पडणार नाही, आणि नात मात्र रात्री आपल्याच घरी झोपणार आहे.

तिला न्यावे, असेच माझे मत आहे, कारण सिद्धेश्वराची यात्रा ही तिचीही यात्रा आहे. फक्त नंदीध्वजांची मिरवणूक, अक्षता सोहळा आणि शोभेचे दारूकाम हे गर्दीचे दिवस वगळावेत. यात्रा पुढेही बरेच दिवस भरलेली असते. एखाद्या कामाच्या दिवशी सकाळी, स्टॉल नुकते उघडत असताना जावे. आदल्या दिवशी तिला घर, रिक्षा, मैदान, एक पाळणा, पुन्हा रिक्षा आणि घर अशी सहा चित्रे क्रमाने दाखवावीत. कानांवर बसणारे आवाजरोधक हेडफोन सोबत ठेवावेत. तिला बाहेर आणण्याची जबाबदारी कोणाची, हे निघण्यापूर्वीच ठरवावे. अर्ध्या तासात परतलात, तरी यात्रा झाली असे समजावे.

एका धोक्याविषयी मात्र मी स्पष्ट बोलते. अनेक स्वमग्न मुले नजर चुकवून निघून जातात, पाण्याकडे ओढली जातात आणि त्यांच्या बाबतीत बुडून मृत्यू होण्याचा धोका इतर मुलांपेक्षा बराच जास्त असतो. सिद्धेश्वर मंदिर तलावात आहे, हे आपण सोलापूरकर इतके गृहीत धरतो, की तो धोका म्हणून आपल्याला दिसत नाही. तिचा हात धरणारे माणूस एकच आणि ठरलेले असावे. ‘सगळ्यांचेच लक्ष आहे’ असे म्हणतो तेव्हा कोणाचेच नसते. फ्रॉकच्या आतल्या बाजूला फोन क्रमांक शिवून ठेवावा आणि शक्य तितक्या लवकर तिला पोहायला शिकवावे.

प्रश्न : मुलगा सात वर्षांचा आहे. स्टेम सेलच्या (मूळ पेशींच्या) इंजेक्शनांनी ऑटिझम बरा होतो, असे एका ठिकाणी सांगितले. त्यासाठी दागिने मोडायची तयारी केली आहे. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र मात्र घ्यायचे नाही, कायमचा शिक्का बसेल, असे नातेवाईक म्हणतात. (एक आई, होटगी रस्ता)

उत्तर : दागिने मोडू नका. स्वमग्नतेवर स्टेम सेल उपचार करण्याची शिफारस करता येत नाही, असे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 2022 साली स्पष्ट केले आहे. स्वमग्नता घालवणारे कोणतेही औषध, इंजेक्शन किंवा पथ्य आज अस्तित्वात नाही. झोप न लागणे, फिट येणे, स्वतःला इजा करून घेणे यांवर डॉक्टरांच्या देखरेखीखाली औषधे देता येतात आणि गरज असल्यास ती द्यावीतही. शरीरातले धातू काढून टाकण्याच्या नावाखाली दिली जाणारी किलेशनची औषधे तर जिवावर बेतू शकतात. गहू बंद करण्याच्या पथ्याचा पुरावा कमकुवत आहे. ज्वारीची भाकरी मुलाला आवडत असेल तर आनंदाने द्या, परंतु तो मोजकेच पदार्थ खात असेल, तर त्यातले आणखी कमी करू नका.

प्रमाणपत्र मात्र अवश्य घ्या. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 याने मान्य केलेल्या 21 प्रकारांत स्वमग्नतेचा समावेश आहे. यूडीआयडीच्या, म्हणजे दिव्यांगांसाठीच्या सरकारी ओळखपत्राच्या, संकेतस्थळावर अर्ज करून शासकीय रुग्णालयात तपासणी होते. त्या वेळी वापरल्या जाणाऱ्या भारतीय मोजपट्टीत मुलाच्या वागण्याविषयी 40 विधाने असतात. प्रत्येकाला 1 ते 5 गुण दिले जातात आणि एकूण 70 किंवा त्याहून अधिक गुण आले, की स्वमग्नता धरली जाते. त्या दिवशी रांगेत मुलगा कसा वागतो, एवढ्यावर हे गुण ठरू नयेत, यासाठी घरच्या वागण्याच्या नोंदी आणि दोन-तीन छोटी चित्रीकरणे सोबत न्या. प्रमाणपत्रावर 40 टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व नोंदले गेले, तर 6 ते 18 वर्षे या वयात जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क मिळतो. राष्ट्रीय न्यास या केंद्र सरकारच्या संस्थेच्या ‘निरामय’ योजनेत वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचे विमासंरक्षण आहे आणि त्यात थेरपीच्या खर्चाचीही तरतूद आहे. दहावीच्या परीक्षेतला जादा वेळ आणि लेखनिक यांसाठीही हाच कागद लागेल. नातेवाईक ज्याला शिक्का म्हणतात, त्याच्या आधारावरच तुम्ही शाळेच्या दारात हक्काने उभ्या राहू शकाल. सिव्हिलमध्ये मुलाच्या वडिलांनाही सोबत न्या, म्हणजे घरी परतल्यावर नातेवाइकांना उत्तर देण्याचे काम तुमच्या एकटीवर येणार नाही.

प्रश्न : मी यंदा बारावीला आहे. माझा भाऊ चौदा वर्षांचा असून त्याला ऑटिझम आहे. तो थोडेच शब्द बोलतो. रात्री उशिरापर्यंत जागतो, माझ्या वह्या ओळीने मांडतो आणि मोडल्या की ओरडतो. आई-बाबा म्हणतात, ‘आमच्यानंतर तुलाच पाहायचे आहे.’ मला त्याचा राग येतो आणि मग स्वतःचा तिटकारा येतो. मला बाहेरगावी शिकायला जायचे आहे. (एक बहीण)

उत्तर : तुझे पत्र मी तीनदा वाचले. तुला राग येतो यात काहीही वाईट नाही. सतत आपली वेळ, आपली खोली आणि आई-बाबांचे लक्ष दुसऱ्यासाठी सोडणाऱ्या कोणालाही तो येईल, आणि तो येत असूनही तू त्याच्या झोपेची नोंद घेतेस, हे तुझ्या पत्रातच दिसते. स्वमग्न मुलांच्या घरातले दुसरे मूल ‘समजूतदार’ म्हणून वाखाणले जाते आणि त्या एका शब्दाखाली त्याचे बालपण दबून जाते, असे मी अनेक घरांत पाहिले आहे.

पुढचे परिच्छेद आई-बाबांना वाचायला दे. मुलाच्या झोपेची तक्रार डॉक्टरांपुढे मांडावी, तिच्यावर उपाय आहेत. परीक्षा संपेपर्यंत मुलीच्या खोलीला आतून कडी असावी आणि संध्याकाळचे दोन तास मुलाला कंबर तलावाकडे किंवा मोकळ्या जागी फिरायला नेण्याचे काम बाबांनी घ्यावे. वह्या मांडण्याची त्याची आवड मोडून काढू नये. त्याला कोऱ्या वह्यांचा स्वतःचा गठ्ठा आणि स्वतःचे टेबल द्यावे. कडा जुळवण्याची हीच नजर पुढे कामाला येते. टॉवेल आणि चादरी यांच्या घड्या घालून गठ्ठे बांधण्याचे काम या शहरात मोठ्या प्रमाणावर आहे आणि ते तो वयाच्या चौदाव्या वर्षी घरच्या कपड्यांवर शिकू शकतो. स्वतःची आंघोळ, स्वतःचे ताट आणि दुकानातून एक वस्तू आणणे यांसाठी जो वेळ आज जाईल, त्याने उद्या पाहावे लागणाऱ्या माणसाचे ओझे कमी होईल.

‘आमच्यानंतर’ या शब्दाला आज कागदावर आणता येते. राष्ट्रीय न्यास अधिनियम, 1999 नुसार मूल 18 वर्षांचे झाल्यावर जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीकडे कायदेशीर पालकासाठी अर्ज करता येतो. आई-बाबांनी मृत्युपत्र करावे आणि मुलासाठी ठेवायच्या पैशांची विश्वस्त व्यवस्था वकिलांकडून करून घ्यावी. त्याला काय आवडते, कशाची भीती वाटते, कोणते औषध चालते, हे सर्व एका वहीत लिहून ठेवावे. काका, मावशी, चुलत भावंडे यांनी कोणते काम घ्यायचे, हेही बसून ठरवावे. मुलीला यातले काय करायचे आहे, हे तिने शिक्षण पूर्ण झाल्यावर स्वतः सांगावे, आणि तोपर्यंत हा प्रश्न तिच्यापुढे काढू नये.

आता पुन्हा तुझ्याशी. बाहेरगावी अवश्य जा. तू गेल्याने भाऊ बिथरेल तो अचानक गेलीस तर, म्हणून त्याला आधीपासून सवय लाव. भिंतीवर महिन्याचे कॅलेंडर लाव, तू घरी असशील त्या दिवसांवर तुझा छोटा फोटो चिकटव आणि नसशील त्या दिवसांवर तुझ्या वसतिगृहाचा. रोज एक चौकट त्याला खोडू दे. सुरुवात बारावीच्या परीक्षेपासूनच कर : पेपर असेल त्या सकाळी शाळेचा फोटो, आणि दुपारी तू परत येण्याच्या जागी तुझा.